गिटारीला लावलेला कान

आमच्या घरी एक जुनी गिटार आहे. माझे थोरले बंधू अण्णा यांनी ती १९६८ साली कलकत्त्याहून आणली. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार यांचा मेळ घालणारी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका त्याच सुमारास गाजू लागली होती, आणि तिने देशातील कितीतरी तरुणांना या वाद्याच्या नादी लावले. अण्णा त्यांपैकीच एक. वाद्य मांडीवर आडवे ठेवावे, डाव्या हातातील पोलादी कांडी तारांवरून सरकवावी आणि जुन्या भावगीतांच्या चाली मींड घेत घेत वाजवाव्यात, हा त्यांचा पन्नासाहून अधिक वर्षांचा संध्याकाळचा परिपाठ. आज ते ऐंशीच्या घरात आहेत. हात किंचित कापू लागला आहे. मागे एकदा वाजविता वाजविता ते थांबले आणि म्हणाले, "अरे, हात चालतो आहे तोवर यातले काही मुद्रित करून ठेवता येईल का, पाहा."

मागणी साधी होती. पण ती पुरी करताना मला जे शिकावे लागले, ते आपणांपैकी अनेकांच्या उपयोगी पडेल असे वाटते. कारण घरोघरी अशी वाद्ये आहेत, ती वाजविणारे हात आहेत, आणि ध्वनिमुद्रणाची साधने आता सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहेत.

आमचे घर हमरस्त्यावर. खाली वाहनांची वर्दळ, वर पंखा, आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. अशा ठिकाणी मायक्रोफोन ठेवला, तर तो गिटारीबरोबर सारा संसार मुद्रित करून ठेवतो. म्हणून गिटारीलाच पिकअप बसवावा, असा सल्ला मिळाला. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला विचारले. तो म्हणाला, "घोडीच्या हाडाखाली पट्टी बसवू, हाड थोडे घासू, आणि मागच्या खुंटीच्या जागी अर्ध्या इंचाचे भोक पाडून तार बाहेर काढू." अण्णांनी सारे शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "भोक पाडायचे नाही. मी गेल्यावर तुम्हांला काय करायचे ते करा."

तेव्हा प्रश्न असा उरला, की लावता येईल व काढताही येईल, खिशाला झेपेल आणि तरीही गिटारीचा आवाज गिटारीसारखाच राहील, असा पिकअप कोणता?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी पिकअप म्हणजे काय, हे पाहिले पाहिजे. पिकअप म्हणजे वाद्याला लावलेला कान. मायक्रोफोन हवेतून आलेला आवाज ऐकतो. पिकअप हवेची वाट पाहत नाही, तो वाद्यापाशीच कान लावून बसतो. पण कान कोठे लावला, यावर काय ऐकू येणार ते ठरते. गिटारीत तार कंप पावते, ते कंपन घोडीवाटे पुढच्या पातळ पाटीत, म्हणजे आपण सतारीच्या बाबतीत जिला तबली म्हणतो तीत उतरते, आणि तबली व पेटीतील हवा ही दोन्ही मिळून तो आवाज मोठा करतात. सर्वसाधारण गिटारीच्या पेटीतील हवा सेकंदाला सुमारे १०० आंदोलनांच्या आसपास आणि तबली २००च्या आसपास विशेष जोराने डोलते. गिटारीला जो भरदारपणा असतो, तो या दोघींचा. आपण जिला गिटारीचा आवाज म्हणतो, तो तार, लाकूड आणि हवा या तिघांचा आहे. काढता-घालता येणारा स्वस्त पिकअप या तिघांपैकी बहुधा एकालाच ऐकतो. निवडीची सारी गोम येथे आहे.

पहिला प्रकार लोहचुंबकाचा. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले, की चुंबकीय क्षेत्र बदलले म्हणजे तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी गुंडाळावीत आणि वर पोलादी तार कंप पावू द्यावी. तार हलते, क्षेत्र बदलते, वेटोळ्यात तिच्या कंपनाची विद्युत् प्रतिमा उमटते. अण्णांना ऐकून मौज वाटली, की या युक्तीचा बाजारात यशस्वी ठरलेला पहिला अवतार हवाईयन गिटारच होता. १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी कॅलिफोर्नियात तो सिद्ध केला, आणि त्याच्या आकारावरून लोक त्याला 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळण्याचा तवा म्हणू लागले. त्याच दशकात हॅरी डीआर्मंड यांनी साध्या गिटारीला बाहेरून जोडता येणारे पिकअप अमेरिकेत विकावयास आणले. आज तबलीवरील गोल छिद्रात दोन स्क्रूंनी अडकवितात तो पिकअप त्याच कुळातला. त्याची तार छिद्रातूनच बाहेर येते, आणि काम झाले की मिनिटभरात सारे उतरून ठेवता येते. कडांना बूच किंवा नमदा लावलेला असला, म्हणजे लाकडाला ओरखडाही उठत नाही.

याचा मोठा गुण असा, की याला पंखा ऐकू येत नाही, रस्ता ऐकू येत नाही, कुकरही ऐकू येत नाही. दोषही त्याच गुणाच्या पोटात आहे: याला लाकूडही जवळजवळ ऐकू येत नाही. तबलीवर बोटांनी ठेका धरणाऱ्या वादकाचा ठेका यात क्षीण होतो. नायलॉनच्या तारा लावलेल्या गिटारीवर तर हा पिकअप मुकाच राहतो, कारण नायलॉनला चुंबकाशी काही देणेघेणे नाही. पोलादी तारांच्या गिटारीतही एक बारकावा आहे. जाड तारांवर बाहेरून ब्राँझची तार गुंडाळलेली असते, आणि ब्राँझही चुंबकाला जुमानीत नाही. चुंबकाला दिसतो तो आतला पोलादी गाभा तेवढा. वरच्या दोन पातळ तारा मात्र सबंध पोलादी. परिणामी त्या दोनच तारा वाजवीपेक्षा मोठ्याने बोलतात आणि खर्ज मागे पडतो. म्हणून चुंबकीय पिकअप घेताना तो साध्या गिटारीसाठीच घडविलेला आहे काय, आणि प्रत्येक तारेखालचा खिळा वर-खाली करून समतोल साधता येतो काय, हे दोन प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावेत.

तिसरा प्रश्न घरघरीचा. आपल्या देशातील विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आंदोलित होतो. एकेरी वेटोळ्याचा पिकअप त्याची घरघर आपल्या अंगावर ओढून घेतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिवा मंद करणारे बटण जवळ असेल तर अधिकच. १९५५ साली गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी यावर दोन वेटोळ्यांचा तोडगा काढला. दोन्ही उलटसुलट जोडली, म्हणजे बाहेरची घरघर परस्परांत विरून जाते आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. हा दुहेरी पिकअप थोडा महाग पडतो. पण शहरातील घरात मुद्रण करणाऱ्याने येथे काटकसर करू नये. ज्याला एकेरीच घेणे भाग आहे, त्याने रेग्युलेटर बंद करून, संगणकापासून चार हात दूर बसून आणि निरनिराळ्या दिशांना तोंड करून पाहावे. एका दिशेला घरघर सर्वांत कमी असते. तीच आपली बैठक.

दुसरा प्रकार स्पर्शाने ऐकणाऱ्या पिकअपचा. १८८० साली जाक आणि पिएर क्यूरी या बंधूंना असे आढळले, की काही स्फटिक दाबले असता त्यांच्या पृष्ठांवर विद्युत्भार प्रकट होतो. याला दाबविद्युत् म्हणतात. आज रुपयाच्या नाण्याहून थोड्या मोठ्या पितळी चकतीवर चिनी मातीसारख्या पदार्थाचा पातळ थर देऊन हीच किमया अत्यंत स्वस्तात साधलेली असते. नुसती चकती इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानात चहाच्या एक-दोन पेल्यांच्या किमतीत मिळते. तार जोडून, डबीत बसवून विकली जाते ती काही शे रुपयांत. ती घोडीजवळ चिकटवावी. तबली जशी कंप पावेल तसे ती ऐकते. तिला तार पोलादी की नायलॉनची, याचे सोयरसुतक नाही. लाकडाचा गुण ती सांगते, बोटांचा ठेका सांगते. आणि सदऱ्याची बाही पेटीला घासली तर तेही इमानाने सांगते.

माझा पहिला प्रयोग या चकतीचाच होता, आणि तो साफ फसला. चकती घोडीजवळ लावली, तिची तार संगणकाच्या मायक्रोफोनच्या छिद्रात खोचली, आणि अण्णांनी वाजवायला घेतले. ऐकून पाहतो तो काय! खर्ज नाहीसा झालेला, उरली ती नुसती किणकिण. अण्णा म्हणाले, "ही माझी गिटार आहे की बिस्किटांचा डबा?" स्वस्त वस्तू शेवटी स्वस्तच, असे म्हणून मी ती चकती बाजूला ठेवली. पण दोष तिचा नव्हताच. दोष ती जेथे खोचली त्या छिद्राचा होता, आणि माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

ती अशी समजावी. बुडाला भोक असलेल्या भांड्यात आपण पाणी ओततो आहो. भोक मोठे असेल आणि पाणी हळूहळू ओतले, तर ते ओतता ओतताच गळून जाते. झटक्यासरशी ओतले, तर निदान क्षणभर तरी पातळी चढते. चकतीतील विद्युत्भार म्हणजे हे पाणी. ती ज्या यंत्राला जोडायची त्याचा विद्युत्रोध कमी असला, म्हणजे भोक मोठे. अशा वेळी मंद कंपने, म्हणजे खर्जाचे स्वर, गळून जातात आणि जलद कंपने, म्हणजे तारेची वरवरची किणकिण, तेवढी हाती लागते. नेहमीच्या मोठ्या चकतीला समजा दहा हजार ओहम रोधाच्या यंत्राला जोडले, तर सेकंदाला सुमारे ८०० आंदोलनांच्या खालचे सारे स्वर क्षीण होऊ लागतात. आता गिटारीची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला ८२ आंदोलने होतात, आणि सर्वांत पातळ तार छेडली तर ३३०. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचे मूळ स्वर त्या गळतीत सापडले! मायक्रोफोनच्या छिद्राचा रोध बहुधा दहा हजारांहूनही कमी असतो, म्हणजे तेथे दुर्दशा आणखी मोठी. तीच चकती दहा लाख ओहम रोधाच्या यंत्राला जोडली, तर गळतीची सीमा ८०० वरून ८ वर येते, आणि गिटारीचा एकही स्वर तिच्या तडाख्यात सापडत नाही.

ध्वनिमुद्रणासाठी संगणकाला जोडावयाची जी छोटी पेटी मिळते, जिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात, तिच्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असे लिहिलेले एक छिद्र किंवा बटण बहुधा असते. त्याचा रोध साधारणतः दहा लाख ओहम, म्हणजे एक मेगओहम, किंवा त्याच्या आसपास असतो. ते नसेल, तर बॅटरीवर चालणारा छोटा प्रीअँप्लिफायर मध्ये घालावा. चुंबकीय पिकअपलाही हेच छिद्र मानवते. सारांश, पिकअप विकत घेण्यापूर्वी तो कोठे जोडणार, हे ठरवावे. पाच हजारांचा पिकअप चुकीच्या छिद्रात खोचण्यापेक्षा दोनशेंचा योग्य छिद्रात खोचणे केव्हाही शहाणपणाचे. आणि जोडणारी तार वेष्टित, म्हणजे बाहेरून जाळीचे कवच असलेली व दोन-तीन मीटरांहून लांब नसावी. नाही तर उघडी चकतीही घरघर ओढू लागते.

चकती लावायची कोठे, हा पुढला प्रश्न. कागदावर याचे उत्तर नाही. ते कानानेच शोधावे लागते. घोडीच्या जाड तारांकडच्या बाजूस सरकविली की आवाज भारदस्त होतो, पातळ तारांकडे नेली की उजळतो. घोडीपासून फार दूर गेली की पोकळ, ढोलासारखा होतो. बोटाच्या रुंदीएवढा फरकही कानाला जाणवतो. चिकटविण्याच्या बाबतीत मात्र सावध राहावे. जुन्या गिटारींवरील लाखेचे किंवा लॅकरचे रोगण नाजूक असते. चिकटपट्टी ओढून काढताना त्याचा पापुद्रा निघून येतो. म्हणून तारा सैल करून, छिद्रातून हात घालून, चकती आतल्या बाजूने घोडीखालच्या लाकडी पट्टीला लावावी. तेथे रोगण नसते, डागाची भीती नसते. पातळ दुहेरी चिकटपट्टी पुरे होते. जाड, मऊ लगदा वापरला तर तोच कंपने गिळून टाकतो. एक सूचना आणखी: ज्यांना 'कायम चिकटवा' असे निर्मात्यानेच सांगितले आहे, असे काही उत्तम पिकअप याच जागेसाठी मिळतात. ते भोक पाडल्यावाचून लागतात हे खरे, पण सहज निघत नाहीत. तेव्हा 'भोक नको' आणि 'काढता यावा' या दोन अटी एकच नव्हेत, हे ध्यानात ठेवावे.

अण्णांसाठी आम्ही दोन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले. एका स्नेह्याकडून छिद्रात बसणारा चुंबकीय पिकअप दोन दिवसांसाठी उसना आणला. अण्णांच्या गिटारीच्या तारा हवाईयन पद्धतीसाठी उंच उचललेल्या. त्या चुंबकापासून दूर पडल्या, त्यामुळे आवाज थोडा दबका आला. तो यंत्रावर वाढवून घेतला. मींड सुरेख उमटली, घरघर नव्हती, रस्ता नव्हता. एकच चाल तीनदा वाजविली: एकदा चुंबकावर, एकदा चकतीवर, एकदा समोर ठेवलेल्या साध्या मायक्रोफोनवर. तिन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणला, कारण मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि निवड फसते. मग अण्णांना डोळे मिटून ऐकायला सांगितले. चुंबकाच्या मुद्रणाला ते म्हणाले, "छान आहे, पण हा कोणी दुसराच वाजवतो आहे." चकतीला म्हणाले, "ही माझी गिटार. पण सर्दी झाल्यासारखी वाटते." मायक्रोफोनला म्हणाले, "हे बरोबर. पण ही बस कुठली?"

या तीन वाक्यांत, श्रोतेहो, साऱ्या निवडीचा निवाडा आला. खोली शांत असेल, तर पहिला पैसा साध्या पण चांगल्या मायक्रोफोनवर खर्चावा. पिकअप त्याची बरोबरी करीत नाही, आणि महाग झाला तरी पुरती करणार नाही. खोली शांत नसेल आणि तारा पोलादी असतील, तर छिद्रात बसणारा दुहेरी वेटोळ्याचा चुंबकीय पिकअप सर्वांत भरवशाचा. छिद्राचा व्यास मात्र आधी मोजून घ्यावा. तारा नायलॉनच्या असतील, किंवा लाकडाचा स्वभाव जपावयाचा असेल, तर स्पर्शाने ऐकणारी चकती, पण उच्च रोधाच्या छिद्रासह. आणि थोडी सवड असेल, तर दोन कान एकत्र वापरावेत.

आम्ही शेवटी तेच केले. चकती आतून लावली, आणि पहाटे पाच वाजता, रस्ता जागा होण्यापूर्वी, पंखा बंद करून गिटारीपासून वीतभरापेक्षा थोड्या अधिक, सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर मायक्रोफोन ठेवला. दोन्ही आवाज वेगवेगळे मुद्रित केले व नंतर एकत्र केले. येथेही एक खाचखळगा आहे. ३० सेंटिमीटर हवा ओलांडावयास ध्वनीला सेकंदाच्या हजाराव्या भागाला किंचित कमी वेळ लागतो. चकतीला तो उशीर होत नाही. एवढ्याशा अंतराने दोन आवाज एकमेकांशी भांडतात, आणि मधले काही स्वर पोकळ होतात. संगणकावर मायक्रोफोनचा पट्टा तेवढाच अलगद मागे सरकविला, की भांडण मिटते. मायक्रोफोनचा भरणा अधिक आणि चकतीचा आधारापुरता, असे प्रमाण आम्हांला मानवले. रस्त्याची चाहूल लागली, की तेवढ्यापुरता मायक्रोफोन उतरवावा आणि चकतीने वेळ मारून न्यावी.

तीन पहाटांत अण्णांच्या अकरा चाली मुद्रित झाल्या. हात कापतो, ते काही ठिकाणी ऐकू येते. तो कंप पुसण्याचा प्रयत्न मी केला नाही. नवव्या चालीच्या अखेरीस खालून दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजते. ती काढून टाकू का, असे विचारले, तर अण्णा म्हणाले, "असू दे. त्या दिवशी तो आला होता."

चौथ्या दिवशी तारा सैल करून मी चकती काढून घेतली. आत हात फिरवून पाहिला. लाकडावर काही खूण नव्हती. अण्णांनी गिटार मांडीवर घेतली, तारा लावल्या आणि नेहमीच्या बैठकीला सुरुवात केली. त्या संध्याकाळी कोणतेही यंत्र ऐकत नव्हते. ऐकत होतो ते आम्ही.